रविवारचा स्क्रू

पौडच्या बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. पाटीवर नाव नवऱ्याचं, गल्ल्यावर मी. कुणी खिळा मागितला की भिंत कसली आहे ते मी आधी विचारते आणि धड उत्तर आलं नाही तर खिळा देत नाही. या स्वभावाला वैतागून निम्मी गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात जातात. सोपानकाका मात्र कधी गेले नाहीत, कारण चोखंदळपणात ते माझ्याही वरचढ.

सोपान रोकडे आमच्या समोरच्याच घरात राहतात. पिरंगुटच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. रिटायर झाले तरी हातांना चैन नाही, म्हणून आळीतले मिक्सर, कुलपं, शिलाई मशिनी सगळं तेच बघतात. कारखान्यातली त्यांची एक सवय अजून गेलेली नाही. स्क्रू आवळून झाला की स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक बारीक रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू हलला. कारखान्यात त्यासाठी पिवळा रंग मिळायचा, घरी ते बायकोची, फुलाबाईची, नेलपॉलिश वापरतात. माझ्या कुकरच्या मुठीवरसुद्धा तसली लाल रेघ आहे.

फुलाबाई जाऊन अडीच वर्षं झाली. भारी बोलकी बाई. बापलेकीचं सगळं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. बाप म्हणणार, “दीपाला सांग, हेल्मेट घाल.” लेक म्हणणार, “बाबांना विचार, गोळ्या घेतल्या का.” ती गेली आणि त्या दोघांना एकमेकांशी काय बोलावं तेच कळेना.

लेक धम्मदीपा बावधनला खोली घेऊन राहते. हिंजवडी, नेरे, मारुंजी या भागात इंटरनेटच्या वायरी जोडायचं काम करते. शिडी खांबाला लावून वर चढते तेव्हा खालची माणसं तोंडं वासून बघतात. तिच्या कमरेला एक मल्टिटूल असतं. पक्कड, सुरी, बारकी करवत, पेचकस, सगळं एका मुठीत मिटणारं. पहिली नोकरी लागली तेव्हा काकांनीच घेऊन दिलं होतं. दिवसातून शंभर वेळा उघडमीट आणि वर स्कूटीचे हादरे, त्यामुळे त्याच्या सुरीचा स्क्रू ढिला व्हायचा. मग रविवारी ती यायची. “बाबा, परत ढिला झालाय बघा.”

काका ओट्यावर फडकं पसरायचे, मल्टिटूल खोलायचे, पुसायचे, आवळायचे. दोघांची नजर त्या स्क्रूवर. मान खाली घालून बघत असलं की माणसाला बोलणं सोपं जात असावं. कामावरचा साहेब, खोलीची मालकीण, काकांचा गुडघा, सगळं निघायचं. तोवर भात शिजलेला असायचा. दहा मिनिटांचं काम चार वाजेपर्यंत चालायचं.

गेल्या महिन्यात नेऱ्याला शिडीवर असताना तो स्क्रू निघून पडला. सुरी आडवी फिरली आणि धम्मदीपाच्या अंगठ्याला तीन टाके पडले.

सोमवारी सकाळी मी शटर वर करतेय तोच काका हजर. “थ्रेडलॉक दाव.”

थ्रेडलॉक म्हणजे स्क्रूच्या आट्यांत लावायचा गोंद. हादऱ्यानं स्क्रू फिरू नये म्हणून. मी तिन्ही बाटल्या पुढ्यात ठेवल्या. लाल एकदा बसला की तापवल्याशिवाय सुटत नाही. निळा घट्ट धरतो, पण जोर लावला तर पेचकसानं खोलता येतो. जांभळा सगळ्यात मवाळ, बारक्या स्क्रूंसाठी. काकांनी तिन्ही उचलून बघितल्या आणि काही न घेता निघून गेले. मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. गुरुवारी माझं डोकं फिरलं.

“काका, लग्नाचा शालू हाय का ह्यो? उचला की एक!”

“लाल न्हाई चालायचा. पावसात चिखल जातो आत, खोलून पुसाया लागतं.”

“मग निळा न्या.”

“स्क्रू बारीक हाय. जांभळा बी चालंल.”

“शिडीवर चढणाऱ्या पोरीला? चार महिन्यांत परत ढिला व्हईल. हे तुमाला मी सांगायचं व्हय? एकतीस वर्सं काय केलं मग?”

काकांना जांभळी बाटली हातातून सोडवेना. तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

“माझ्या कुकरवर तुमची रेघ हाय,” मी म्हटलं. “सगळ्या आळीत हाय. पोरीच्या त्या हत्यारावर मात्र मी कधी बघितली न्हाई.”

काका रंगाच्या डब्यावर मटकन बसले.

“एक थेंब लावला असता तर दोन वर्सं हललं नसतं ते,” ते हळूच म्हणाले. “मग ती कशाला आली असती, रेश्मा?”

त्या माणसाचा इतका कळवळा आला, आणि तितकाच रागही.

“टाके पडलेत तिला, काका.”

“व्हय. माज्यामुळंच.” त्यांनी निळी बाटली उचलली.

रविवारी मी आमच्या ओट्यावर मुद्दाम लसूण सोलत बसले. खोटं कशाला बोलू, कान तिकडेच होते. काकांनी नवा स्क्रू आणला होता. आटे पेट्रोलनं पुसले, वाळू दिले, सुईच्या टोकानं एक निळा थेंब लावला. सुरी सहज फिरेल आणि डुगडुगणार नाही एवढंच आवळलं. मग नेलपॉलिशची रेघ मारली.

“आता न्हाई सुटायचा,” ते म्हणाले. आणि तिच्याकडे न बघता सांगून टाकलं. “हे मला आधीच येत व्हतं, दीपा. मुद्दामच गोंद लावला न्हाई. तू येत ऱ्हावीस म्हनून.”

धम्मदीपानं पट्टीतल्या अंगठ्याकडे बघितलं.

“बाबा, मी शिडीवर होते,” ती एवढंच बोलली. मल्टिटूल डिकीत ठेवून न जेवता निघून गेली. झाकण ठेवलेला भात तसाच राहिला.

पुढचा आठवडाभर काका दुकानाकडे फिरकले नाहीत. आळीतला एक मिक्सर त्यांच्या दारात तसाच पडून होता.

मग पुन्हा रविवार आला. त्यांनी फडकंसुद्धा पसरलं नव्हतं. बारा वाजता मी वाटीत भाजी घेऊन गेले तर चूल थंड. “भूक न्हाई,” म्हणाले. मी रागावले, समजावलं, पण माणूस जागचा हलेना. तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली.

धम्मदीपा हेल्मेट काढत आत आली. हातात काहीच नव्हतं. काका धडपडत उठले.

“परत ढिला झाला?”

“न्हाई. पक्का हाय.”

“मग काय बिघडलं?”

“काय न्हाई. जेवायला आले.”

काकांनी चुलीकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. “भात टाकला न्हाई गं मी. वाटलं, तू आता येत न्हाईस.” एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला.

तिनं फळीवरून तांदळाचा डबा एका हातानं काढला, दोन मुठी पातेल्यात ओतल्या आणि पातेलं त्यांच्यापुढं धरलं.

“धुवा तुमी,” ती म्हणाली. “माजा राग गेलेला न्हाई अजून. पर लई भूक लागलीया.”