मिटणारा पंखा की वळणारा

रविवार, फेब्रुवारीतला शेवटचा. हजर: मी, माझा नवरा, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, आणि वहिनी. गैरहजर: बोट.

बोट कोकणात आहे, खाडीकाठी, पाण्याबाहेर काढून लाकडी ठोकळ्यांवर उभी केलेली. आम्ही चौघं पुण्यात. बोटीबद्दलचे आमचे सगळे निर्णय असेच, घाटाच्या अलीकडे, माझ्या जेवणाच्या टेबलावर होतात. विषय मी लिहून ठेवते, चहा नवरा करतो, आणि दादा खडकीहून येताना काहीतरी कापून, चिकटवून आणतो. दादाची सगळी नोकरी खडकीच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात गेली. तोंडी सांगितलेलं त्याला पटत नाही, हातात धरता आलं पाहिजे.

त्या दिवशी विषय एकच होता. बोटीला कोणता पंखा, म्हणजे पाण्याखालून तिला ढकलणारा प्रोपेलर, बसवायचा?

आमची बोट शिडाची. इंजिन लागतं ते खाडीतून बाहेर पडायला आणि परत जेट्टीला लावायला. मधल्या वेळात शिडं वर असतात, इंजिन बंद असतं आणि खालचा पंखा पाण्यात नुसता अडून राहतो. हलक्या वाऱ्यात हा अडसर चांगलाच जाणवतो. त्यावर दोन उपाय. एक मिटणारा पंखा: इंजिन बंद केलं की पाती छत्रीसारखी मागे मिटतात. दुसरा वळणारा: पाती मिटत नाहीत, जागच्या जागी वळून पाण्याकडे कड करतात. कसब्यातल्या बोळात समोरून स्कूटर आली की आपण भिंतीला लागून अंग चोरतो, तशी.

बोट आम्ही जुनी घेतली, तेव्हा तिला दोन पात्यांचा मिटणारा पंखा होताच. गेल्या हंगामात दादा ती जेट्टीला लावत होता. वेग मोडायला त्याने इंजिन उलटं, रिव्हर्समध्ये टाकलं, पण बोट थांबली नाही. बोट आणि जेट्टीच्या मधे दादाचा उजवा हात सापडला. त्या हाताची दोन बोटं आता वाकत नाहीत. बोट वर काढल्यावर नवऱ्याने पाहिलं, तर पंख्याच्या बिजागरीत शिंपले धरले होते आणि एक पातं उघडलंच नव्हतं. आम्ही महिना-दीड महिन्याने जाणारे लोक. खाडी तोवर थोडीच थांबते.

तेव्हापासून बोट ठोकळ्यांवर आहे. दादाला ती एकदा गोव्यापर्यंत न्यायची आहे. निवृत्तीपासून तो याच एका गोष्टीसाठी थांबलाय, आणि पासष्टी उलटल्यावर थांबायला फार हंगाम उरत नाहीत.

दादाने मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दोन्ही पंखे करून आणले होते. टाचण्यांवर पाती फिरत होती. सुबक काम, तेही डाव्या हाताने. उजवा टेबलाखाली होता.

"मिटणाराच घेऊ," तो म्हणाला. "नवा, तीन पात्यांचा. पाण्याला सगळ्यांत कमी अडतो. गोव्याच्या वाटेवर वारा पडला तरी बोट चालत राहील."

"आणि उलटं टाकल्यावर?" वहिनींनी विचारलं.

"थांबतो की."

"अहो, मागचाही थांबणारच होता."

नवऱ्याने चहा ओतला. अशा वेळी तो नेहमी चहा ओततो.

मी कागदावरचं वाचून दाखवलं. मिटणाऱ्या पंख्याची पाती उलट्या गतीत पाण्याच्या रेट्याने मिटायला बघतात, म्हणून जोर कमी पडतो. वळणाऱ्याची पाती पूर्ण फिरतात, मागे घेतानाही तोच जोर मिळतो. तो महाग आहे, जड आहे, आत ग्रीस भरत राहावं लागतं. शिंपले दोघांनाही धरतात, निघण्यापूर्वी साफ दोन्ही करावे लागतात.

"ऐकलंस ना?" दादा वहिनींना म्हणाला. "साफ करणं माझं काम होतं. मी केलं नाही. वर बोट जोरात आणली. माझ्या चुकीपायी महागडा पंखा कशाला?"

मला वाटलं, आता वहिनी बोट विकायचं काढणार. मी मनाची तयारीही केली होती. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं असतं. त्या बोटीची देखभाल, ठोकळ्यांचं भाडं, ताडपत्री, राखणदाराचे फोन, सगळं माझ्याकडे आहे, आणि मी दमले आहे.

वहिनींनी वळणारा पुठ्ठा उचलला आणि बोटाने पाती फिरवून पाहिली.

"हा घ्या," त्या म्हणाल्या. "गोव्याला दोन दिवस उशिरा पोचलात तरी तिथे कोणी ओवाळायला उभं नाहीये. पण परत येताना ती थांबली पाहिजे. थांबणार असेल तर मी यांना जा म्हणेन. नाहीतर नाही."

"तुम्हाला बोट नकोशी झाली असेल असं वाटलं मला," मी म्हणाले.

"बोट नकोशीच आहे गं. पण दिवसभर गॅलरीत उभं राहून पार्किंगमधल्या गाड्या नीट लावल्यात का बघणारा नवरा त्याहून नकोसा आहे."

नवरा हसला. दादाही हसला, पण त्याने हात वर काढला नाही.

मग मी सहज पुठ्ठ्याचा एक तुकडा दादाच्या पंख्यामागे उभा धरला. "हे सुकाणू समज. जुना पंखा लहान होता. नवा मोठा. मिटल्यावर पाती मागे येतात, वळणाऱ्याचा मधला गोळा लांब असतो. मागे जागा किती आहे?"

"आहे."

"किती?"

"भरपूर आहे."

"खडकीला भरपूर हे माप चालायचं का हो?" वहिनी म्हणाल्या.

पंख्याचा दांडा किती जाड, त्याचा उतार किती, इंजिनाचा वेग किती, सगळं दादाच्या वहीत नेटकं होतं. ते सगळं अपघाताच्या आधी घेतलेलं. पंख्याच्या टोकापासून सुकाणूपर्यंतचं अंतर घ्यायला बोटीखाली शिरावं लागणार होतं, आणि त्या दिवसानंतर दादा कोकणात गेलाच नव्हता. आम्ही दोनदा निघालो, दोन्ही वेळा त्याला काहीतरी काम निघालं. हे मला तेव्हा टेबलाशी बसून लक्षात आलं. वहिनींना ते आधीच माहीत असावं.

"राखणदाराला सांगते," मी म्हणाले. "टेप लावून फोटो पाठवेल."

"नको," वहिनी म्हणाल्या. "हे जाऊन मोजतील."

दादा बराच वेळ पुठ्ठ्याच्या पात्यांशी खेळत होता. मग म्हणाला, "वळणारा घ्यायचा तर घेऊ. माप मी घेतो. पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी त्याच्या सोसायटीची सभा होती. त्याच्या पुढच्या रविवारी त्याला खोकला झाला. मग ऊन वाढलं. विक्रेत्याचा फोन येतो, मी त्याला कळवते म्हणते. पावसाआधी पंखा आला नाही तर हा हंगामही गेला. राखणदाराला गुपचूप सांगणं मला सोपं आहे, एका फोनचं काम. दोनदा फोन हातात घेऊन ठेवून दिला आहे.

काल दादाला विचारलं. "जायचंय गं," म्हणाला. "तू येशील का बरोबर?"

येईन म्हणाले. स्टीलचा टेप, बॅटरी आणि खाली अंथरायला जुनी सतरंजी दाराजवळच्या पिशवीत भरून ठेवली आहे. माप अजून घ्यायचं आहे.