‘बोर्ड’नं अडवलेलं टेबल

शब्दकोशाच्या कचेरीत मोठं टेबल एकच, आणि ते गेल्या हिवाळ्यापासून ‘बोर्ड’ या शब्दानं अडवलं होतं. तिथली रीतच तशी. शब्द हातात घेतला की त्याचे वापर टिपलेल्या साऱ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, आणि नोंद पुरी होऊन तो उठेपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही. त्यामुळे बाकीची मंडळी खिडकीशी उभी राहून, डबा तळहातावर तोलत जेवायची आणि हा शब्द ज्यांच्या वाट्याला आला होता त्या ताईंच्या नावानं बोटं मोडायची.

“ताई, उठतोय का पाहुणा?” मुद्रितं तपासणारे काका रोज विचारायचे. “माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय.”

“पाहुणा कसला, घरजावई आहे मेला.”

घरी सासूबाईंचं तेच. “एका शब्दाला इतके दिवस? तेवढ्यात माझं एक बाळंतपण उरकलं असतं!”

ताईंनी तरी काय करावं? मुळात हा शब्द म्हणजे साधी लाकडाची फळी. तिला पाय फुटले, टेबल झालं. टेबलावर वाढलेल्या जेवणालाही तेच नाव पडलं. जेवणं आटोपून भोवती कारभारी बसले, ते मंडळ झालं. दुकानावर टांगली ती पाटी, शाळेत काळी रंगवली तो फळा. इथवर सगळं सुतासारखं सरळ. पण एक ढीग कोपऱ्यात रुसून बसला होता: जहाजाची कड. ही कड फळीचीच सख्खी बहीण, की नुसतं नाव सारखं असलेली कुणी परकी? जाडजूड ग्रंथ उपसून ताईंचे डोळे चुरचुरायला लागले. एक पंडित हो म्हणे, दुसरा नाही.

आज सकाळी संपादकांनी बजावलं होतं, “शब्दाचं मूळ एक की दोन, दुपारपर्यंत ठरवा. नाहीतर शब्द दुसऱ्याला देतो.”

दुसऱ्यानं डोळे मिटून काहीतरी एक ठोकलं असतं. तेच ताईंना सोसणार नव्हतं.

विचार करता करता त्यांना डुलकी लागली, कोपर सरकलं आणि फळीचा नि कडेचा असे दोन्ही ढीग एकमेकांत कालवले गेले. रडू यायचंच बाकी होतं. पुन्हा निवडायला बसल्या, तर पाच-सहा चिठ्ठ्या कुठल्याच ढिगात जाईनात. त्यांत होती जहाजाच्या कडेला ठोकलेली फळी. आता ही कड म्हणायची की फळी? शब्द वापरणाऱ्यांनीच दोन्ही अर्थ कधीचे कालवून ठेवले होते.

ताईंनी लिहिलं, “मुळं बहुधा दोन; ती एकमेकांची सख्खी असतील, खात्री नाही. फार पूर्वीच एकमेकांत मिसळली.”

संपादकांचा चष्मा कपाळावर चढला. “कोशात ‘खात्री नाही’ लिहायचं?”

“मग खोटं लिहू का, साहेब? तेवढंही त्राण नाही उरलं.”

त्यांनी चष्मा नाकावर आणून नोंद पुन्हा वाचली. मग सही केली.

ताईंनी चिठ्ठ्यांचे गठ्ठे बांधून खाली ठेवले आणि रिकाम्या टेबलावर डोकं टेकलं. काकांनी खुर्च्या ओढल्या.

“ताई, डबा?”

ताईंना झोप लागली होती. मग सगळ्यांनी आवाज न करता, त्यांच्या डोक्याला वळसा घालून आपापले डबे मांडले.