पहिला घास अव्वाच्या नावाचा

मानमोडीच्या तापाच्या साथीत आईबाप गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. सोलापुरातल्या एका अनाथाश्रमात वाढले. आज इतकी वर्षं उलटली, तरी कुणी आश्रमाचे उपकार वगैरे बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. दोन वेळची भाकरी मिळाली, खोटं कशाला बोलू? पण त्या भाकरीबरोबर आम्ही कोण आहोत तेही रोज ऐकवलं जायचं. बिचाऱ्या, पोरक्या, कुणाच्या कोण. दहा वर्षं हेच कानांवर पडलं की पोर तसंच चालायला लागतं, मान खाली घालून. आणि मग तेच लोक कौतुकानं म्हणायचे, किती गरीब स्वभावाच्या मुली आहेत!

गोडाचं जेवण आम्हाला मिळायचं ते फक्त दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांमुळं. पेठेतल्या कुणाच्या आईची, कुणाच्या आजोबांची पुण्यतिथी असली की आश्रमात पंगत बसे. पत्रावळीवर सगळं वाढून झालं की मास्तर, म्हणजे आमचे व्यवस्थापक, त्या गेलेल्या माणसाचं नाव वाचत. आम्ही हात जोडून एका सुरात म्हणायचं, "यांच्या आत्म्याला शांती लाभो, हा आम्हां अनाथांचा आशीर्वाद." मगच पहिला घास. आमचेही आईबाप मेलेलेच होते की. त्यांच्या नावानं कुणी कधी पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवला नाही.

मी बारा-तेरा वर्षांची असताना शिवण शिकवायला एक बाई येऊ लागल्या. विधवा होत्या, बोलायला मऊ आणि वागायला खमक्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आमची रांग मोडली आणि आम्हा अकरा मुलींना गोल बसवलं. हातानं शिवत राहायचं आणि रोज एकीनं आपल्या घरचं आठवेल ते सांगायचं. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही, फक्त लक्षात ठेवायचं. लहान मुली विसरतात, म्हणून प्रत्येक लहानीमागं एक मोठी नेमली. लहानीचं सगळं मोठीनं जपायचं.

आधी कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. आमच्याकडं काय हाय सांगायला, म्हणून एक तर चक्क रडली. मग हळूहळू सुटलं. एकीची आई दळताना गायची. एकीच्या घरी दोन शेळ्या होत्या. माझा बाप गिरणीतून येताना कोपऱ्यावरून शीळ घालायचा, हे मी बोलेपर्यंत माझं मलाच माहीत नव्हतं. त्या दिवशी दहाजणी माझ्याकडं बघत होत्या आणि मी कुणाची तरी आहे असं मला पहिल्यांदा वाटलं.

माझ्या वाट्याला सगळ्यांत धाकटी आली. सहा-सात वर्षांची, अक्कलकोटकडची, निम्मं कानडी बोलणारी. तिला आईचं नावही माहीत नव्हतं. अव्वा, एवढंच. अव्वा कडक भाकरी मोडायची आणि शेंगाची चटणी लावून पहिला तुकडा हिच्या तोंडात घालायची. पोरीजवळ आईची एवढीच इस्टेट. एकदा ती म्हणाली, आता मीपण पहिला घास अव्वाच्या नावानं खाणार. बाई म्हणाल्या, खा की. तेव्हापासून आम्ही अकराही जणी संध्याकाळच्या भाकरीचा पहिला घास आपापल्या माणसाचं नाव घेऊन खाऊ लागलो, हळू आवाजात. नाव घेतलं की घास त्या माणसाला पोचतो, अशी धाकटीची ठाम समजूत होती. पंगतीत ती दुसरं काय शिकली होती?

मग एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या आईची पुण्यतिथी आली. वड्यांचा वास, खीर, शेटजी स्वतः समोर पाटावर. मास्तरांनी नाव वाचलं. आम्ही हात जोडले, तोच धाकटी सगळ्यांच्या आधी खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या अव्वाच्या नावानं."

मग शेळ्यांवाली आपल्या आईचं नाव बोलली, मग पुढची, मग मी. अकरा नावं झाली. माझी छाती इतकी भरून आली होती की मला कुणाची भीती वाटली नाही.

शेटजी उठले. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता. "माझ्या आईच्या पानावर ह्या कुणाच्या कोण बायका आणून बसवल्या?" लाखाचा धंदा करणारा माणूस, आणि सात वर्षांच्या पोरीनं आपल्या आईला खिरीचा एक घास दिला म्हणून त्याचं पुण्य कमी पडलं! वाढायला थांबलेल्या बाई पुढं झाल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पोरींनी तुमच्या आईचं काय काढून घेतलं?" मास्तरांनी त्यांना तिथल्या तिथं दाराबाहेर काढलं. त्या पुन्हा आश्रमात दिसल्या नाहीत.

आमच्यापुढच्या पत्रावळी उचलल्या गेल्या. शेटजींच्या आईचं नाव घेऊन आशीर्वाद म्हणेल तिलाच पान मिळेल, असं मास्तरांनी सांगितलं. आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो. समोर आश्रमातली बाकीची, शिवणाला न येणारी मुलं जेवत होती. मला त्या मास्तरांचा राग आहे, शेटजींचा आहे, पंगती घालून स्वर्गात जागा धरणाऱ्या सगळ्यांचाच आहे. पण तो सगळा राग एका बाजूला ठेवला तरी एक उरतोच. कारण शेटजींच्या आईचं नाव घ्यायला अकराजणींतली पहिली पुढं गेली ती मी. मोठी होते, माझं बघून बाकीच्याही आल्या. एकटी धाकटी भिंतीशी राहिली.

मास्तर आत गेल्यावर ती माझ्या पानाशेजारी येऊन उकिडवी बसली. तिची अव्वा लक्षात ठेवायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून तिनं मलाच विचारलं, "मग आता अव्वा उपाशीच का गं, अक्का?"

माझ्या तोंडात खीर होती.