नासलेल्या लोण्याचा वास

ब्युटिरिक ॲसिडचा वास ज्याला माहीत नाही तो सुखी. तळोज्याला आमच्या लॅबमध्ये त्याची बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून वेगळ्या कपाटात ठेवतात, तरी कपाट उघडलं की नासलेल्या लोण्याचा भपकारा येतो. तो केसांत बसतो, शर्टात बसतो. नावड्याला परतताना शेअर रिक्षातला शेजारी तोंड फिरवायचा. आई तर मला उंबरठाच ओलांडू द्यायची नाही. "कपरे भायेर कार, मंग घरान ये," हे तिचं रोजचं स्वागत. पन्नाशीला आलो तरी मी बाहेरच्या पायरीवर शर्ट काढायचो आणि सगळी आळी बघायची.

मग आई आजारी पडली. लघवीच्या इन्फेक्शनचं निमित्त झालं, तापात ती बरळायला लागली, आणि पंधरा दिवस हॉस्पिटलात सलाइनमधून अँटिबायोटिक चालू होतं. घरी आली ती निम्मी होऊन. पोट रोज बिघडलेलं आणि भान हरवलेलं. मला ती डॉक्टर समजायला लागली. मी समोर वाटी धरली की हात जोडून म्हणायची, "डॉक्टर, मना घरी जाव द्या." मी तिच्याच घरात, तिच्याच खाटेजवळ उभा असायचो.

हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं होतं, थोडे दिवस हलकं खाऊ घाला. हलकं म्हणजे काय ते ठरवायला घरात लॅबवाला बसलेला! थोड्या दिवसांचे मी तीन महिने केले. पेज गाळली, वरण गाळलं, दुधी शिजवून तोही चाळणीतून काढला. कंपनीतून येताना अंघोळ करून, धुतलेले कपडे घालूनच घरात पाऊल टाकायचं, असा नियम केला. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख आणि वेळ चिकटवली. कालचं काही दिसलं की थेट कचऱ्यात.

"आवो, ती आय हाय तुमची, सँपल नाय," बायको म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. खेकसण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आई एकच गोष्ट मागायची. "मना शिला भात दे." रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी कांद्याशी खायचा आणि शेतावर जायचं, यात तिचा जन्म गेला. शेतं केव्हाच कारखान्यांखाली गेली, भात मात्र सुटला नव्हता. "शिळं खाऊन मरायचंय का तुला?" असं मी एकदा ओरडलो. ती घाबरून भिंतीकडे सरकली. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. त्यानंतर तिनं भात मागणं सोडलं, आणि हळूहळू पेजेलाही तोंड लावेना.

तेव्हा कुठे मी कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांनी आईचं पोट तपासलं, फ्रिज उघडून माझ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि मी काय काम करतो ते विचारलं.

"मग ब्युटिरिक ॲसिड माहीत असेल?"

"मॅडम, त्याच्यामुळे शेजारी कोणी बसत नाही माझ्या."

त्या हसल्या. "तेच तुमच्या-माझ्या मोठ्या आतड्यात रोज बनतं. आपल्याला न पचलेला चोथा तिथले जंतू खातात आणि हे असलं ॲसिड तयार करतात. आतड्याच्या अस्तराचं ते जेवण. ते मिळालं की अस्तर घट्ट राहतं, नको ते रक्तात झिरपत नाही. औषधांनी यांचे बरेच जंतू गेले असणार. उरले त्यांना तुम्ही उपाशी ठेवलंत, सगळं गाळून गाळून."

बायको माझ्याकडे बघतही नव्हती, तेच जास्त लागलं.

"आणि डोकं?" मी विचारलं.

"मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही तसंच एक कुंपण असतं. या ॲसिडांनी ते घट्ट होतं असं उंदरांत दिसलंय. माणसांचं अजून कोणी छातीठोक सांगत नाही, मीही सांगणार नाही. पण त्यांना खायला तरी द्या. भात गार झाला की त्यातला थोडा भाग पचायला कठीण होतो, तोच या जंतूंचा खाऊ. फक्त ओट्यावर रात्रभर ठेवू नका. शिजवला की लगेच गार करून फ्रिजमध्ये."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्यापुढे गार भात ठेवला. दोन घास. तिनं एक घास चावला आणि तोंड वाकडं केलं. "डॉक्टर, ह्यो फिरीजचा हाय." पण खाल्ला. हळूहळू घास वाढवले, वालाचं बिरडं आलं, चाळणी फळीवर गेली. तीनेक आठवड्यांत पोट थाऱ्यावर आलं. ती उठून ओटीवर बसायला लागली. मी मात्र डॉक्टरच राहिलो. पोट सावरलं यात समाधान मान, असं मी मनाला समजावत होतो. मन काही ऐकत नव्हतं.

एका संध्याकाळी कंपनीत पाणी गेलं. दुपारी ती बाटली उघडावी लागली होती, आणि तसाच, अंघोळ न करता, अंगभर वास घेऊन मी घरी आलो. आई ओटीवर बसली होती. मी उंबरठ्यावर पाय ठेवला तशी तिनं मान वर केली, नाक मुरडलं, पदर तोंडाला लावला.

"मेल्या, कपरे भायेर कार! किती वेला सांगू तुला?"

हे गार भातानं झालं, दिवस गेल्यामुळे झालं की आणखी कशानं, मला माहीत नाही. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढला तर आमचे साहेब कागद तोंडावर फेकतील. त्या वेळी मला निष्कर्ष नकोच होता. मी पायरीवर बसून ढसाढसा रडलो. सगळी आळी बघत होती. बटणं काही केल्या सुटेनात.

"लवकर कार," आई ओटीवरून ओरडली, "भात घेऊन कवाची बसलेय मी."