पेन्सिलीच्या फुल्या

"मी गेलो की तुझं कर्ज फिटलं, बघ." बाबा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हे एकदा तरी म्हणायचेच. पुण्यात त्यांची नऊ वाजताची न्याहारी, आमच्याकडे कावासाकीत साडेबाराचं जेवण. मी वैतागायचे. "बाबा, शुभ बोला हो जरा!" मग ते खूश होऊन हसायचे.

त्या हसण्यामागे एक कागद होता. जपानला निघण्याआधी मी पुण्यात आई-बाबांसाठी फ्लॅट घेतला आणि कर्जात बाबांचंही नाव घातलं. बँकेतली मुलगी कागद घेऊन घरी आली. गोड बोलणारी, बाबांना 'काका' म्हणणारी. "कर्जाबरोबर हा विमा घ्यावाच लागतो, काका. तुम्हाला काही झालं तर विमा कंपनी कर्ज फेडेल. ताईंवर ओझं नको ना?" बाबांचा चेहरा उजळला. आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली, मुलीला द्यायला काही उरलं नाही, ही त्यांची जुनी खंत होती.

तिने गठ्ठा पुढे केला. सही हवी तिथे तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. बाबा चष्मा शोधायला उठले. "जरा वाचून घेतो." मी बॅगा भरत होते. व्हिसा, मुलीचा शाळेचा दाखला, लोणच्याची बरणी, डोक्याला नुसता ताप. मी म्हटलं, "त्यात काय वाचायचंय? सगळे असंच करतात. फुली दिसेल तिथे सही करा, झालं!"

साधी दुधाची पावतीसुद्धा वाचल्याशिवाय खिशात न घालणारा माणूस. माझ्या शब्दाखातर चष्म्याविना सगळ्या सह्या करून मोकळा झाला.

तीनच आठवड्यांनी कावासाकीत घर भाड्याने घेताना उलटाच प्रकार. तिथले वयस्क एजंट अख्खा करार मोठ्याने वाचायला बसले. कायदाच आहे म्हणे तसा. कचरा कोणत्या वारी टाकायचा, सायकल कुठे लावायची, भिंतीला खिळा ठोकला तर काय. प्रत्येक पान संपलं की थांबून विचारायचे, "इथपर्यंत समजलं का?" दीड तास! मी माना डोलावत होते आणि मनात म्हणत होते, डोंबल समजलं, सही कुठे करायची ते दाखवा नि सोडा एकदाचं.

गेल्या वर्षी एका दुपारी आईचा ऑफिसात फोन आला. बाबा फिरायला गेल्याचं बघून तिने केला होता. "डॉक्टरांनी बायपास सांगितलीय. महिना झाला. ऐकतच नाहीत गं. म्हणतात, ऑपरेशनला पोरीचे एवढे पैसे घालायचे कशाला? गेलो तर उलट तिचं घर मोकळं होतं."

मी जिन्यात उभी होते, तिथेच पायरीवर बसले. रविवारची थट्टा ही थट्टा नव्हतीच. बाबांनी हिशेब करून ठेवला होता.

म्हटलं, आधी तो विमा तरी बघू. बँकेकडून सगळे कागद मागवले. विम्याचा हप्ता त्यांनी कर्जातच मिसळला होता आणि त्यावर आम्ही व्याज भरत होतो. विमा सक्तीचाही नव्हता. एवढं एक वेळ गिळलं असतं. पण पुढे तब्येतीचं पान होतं. 'मधुमेह आहे का?' नाही. 'नियमित औषधं चालू आहेत का?' नाही. बाबा पंधरा वर्षं इन्सुलिन घेतायत! कोणी विचारलंच नव्हतं, परस्पर भरून टाकलेलं. आणि खाली बाबांची वळणदार सही. उद्या बाबा गेले असते, तर कंपनीने हेच पान दाखवून आमच्या तोंडाला पानं पुसली असती.

बँकेचा संताप आला, त्या मुलीचा आला. पण ती परकी. बाबांना चष्मा शोधू न देणारी मीच. आपलेच दात, आपलेच ओठ.

तक्रार करायची तर सही बाबांची हवी, विमा त्यांच्या नावावर. आई काकुळतीला आली. "त्यांना काही सांगू नकोस. तोच एक कागद त्यांनी मोठ्या अभिमानाने जपलाय. मी फुली मारून पुढे ठेवते, करतील सही."

"नाही," मी म्हटलं. "फुली नाही."

बँकेशी सात महिने भांडून पैसे परत मिळाले, कर्जातून वळते झाले. पण माझ्या मनात राहिलाय तो, सही झाली तो रविवार.

"बाबा, आज चष्मा लावून बसा." आईने तक्रारीचं पत्र छापून आणून त्यांच्यापुढे ठेवलं होतं. मी इथून मोठ्याने वाचायला लागले. परिच्छेद संपला की थांबत होते. "इथपर्यंत समजलं का?" मधुमेहाच्या ओळीवर त्यांनी हात वर केला.

"परत वाच."

मी परत वाचली.

"म्हणजे मी खोटं लिहून दिलं?"

"तुम्ही नाही, बाबा. तुम्ही वाचायला उठला होतात, मी बसवलं तुम्हाला. चूक माझी आहे." मला रडू आवरेना.

मागे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग त्यांनी पत्र जवळ ओढलं, पहिल्या ओळीपासून बोट फिरवत स्वतः वाचलं आणि सही केली. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. माझ्याकडे न बघता स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, डॉक्टरांना फोन लाव. ऑपरेशनची तारीख विचार. आता मरून काही फायदा नाही म्हणे."