शून्यावरची गुणगुण

पेठेत रेडिओ दुरुस्त करणारे तिघे होते, पण ‘कानवाले’ एकच. बाकीचे दोघे मीटर लावून बिघाड शोधत. कानवाले सेटच्या खोक्याला कान टेकवत आणि नाडी पाहिल्यासारखं सांगत, “डावीकडचा दुसरा कंडेन्सर.” चौतीस वर्षं हे बरोबर येत होतं. मीटर त्यांच्याकडेही होता. त्यावर ते टोपी ठेवत.

साठीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी आयुष्यातली पहिली चैन केली. उत्तम हेडफोन घेतले आणि ते जोडले स्वतः बांधलेल्या ॲम्प्लिफायरला. तो खरा एका नाटकगृहासाठी होता. नाटकगृहच बंद पडलं, म्हणून घरात राहिला होता.

“एवढं धूड कानाला?” बायको म्हणाली. ती शिवणकाम करी. मापाबाहेरचं काही तिला सोसत नसे. “डास मारायला तोफ.”

“ताकद वापरायची नसते, असावी लागते. बटण एकाच्या पुढे न्यायचंच नाही. यंत्राला धाप लागत नाही, आवाज स्वच्छ येतो.”

“तुमचे धाकटे भाऊही हेच म्हणतात. ताकद आहे, वापरत नाही.”

आवाज खरोखरच स्वच्छ आला. बासरीवाला श्वास घेतो तोही ऐकू आला. फक्त गाणं संपल्यावर, बटण शून्यावर असताना, मागे एक बारीक गुणगुण उरली.

कानवाल्यांना चैन पडेना. त्यांनी ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला, तारा बदलल्या, संशयावरून फ्रिज दिवसभर बंद ठेवला. दूध नासलं, गुणगुण तशीच. जेवता जेवता उठून ते ॲम्प्लिफायर उघडू लागले. मग ती गुणगुण गिऱ्हाइकांच्या सेटमध्येही येऊ लागली. निवृत्त हेडमास्तरांचा रेडिओ तीन आठवडे अडकून पडला.

“मला तर काही ऐकू येत नाही,” हेडमास्तर म्हणाले.

“तुमचे कान घेऊन मी दुरुस्ती करत नाही, सर. आठ दिवसांनी या.”

एकदा दाढी करताना गुणगुण ऐकू आली, तेव्हा त्यांनी न्हाणीघराच्या वायरिंगवर संशय घेतला.

शेवटी एका सकाळी त्यांनी बायकोला प्लगपाशी बसवलं. “मी पाठ करून बसतो. न सांगता प्लग काढ. गुणगुण थांबली की मी हात वर करीन. लगेच थांबली तर दोष विजेत, हळूहळू विरली तर ॲम्प्लिफायरमध्ये.”

हेडफोन चढवून, डोळे मिटून ते बसले. गुणगुण चालू होती. चालूच राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी एक कान मोकळा केला.

“काढतेस ना?”

“केव्हाच काढलाय. दोन काजं झाली माझी मध्ये.”

“पुरता काढलास?”

तिने प्लग त्यांच्या मांडीवर आणून ठेवला. त्यांनी हेडफोन उतरवले, ॲम्प्लिफायरपासून उठून दारापर्यंत गेले, परत आले. गुणगुण बरोबर गेली आणि बरोबर आली.

“मग? दोष कशात निघाला?”

“माझ्यात,” ते म्हणाले. तिने काजं बाजूला ठेवली.

दुपारी त्यांनी हेडमास्तरांना बोलावून घेतलं आणि टोपी बाजूला करून, गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदाच, मीटर लावला. काटा हलला नाही.

“गेली गुणगुण?”

“नव्हतीच, सर. चूक माझी.”

उभ्या नोकरीत हेडमास्तरांनी हे वाक्य कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि पाणी मागून प्याले.

गाणं चालू असलं की गुणगुण कळत नाही, हे संध्याकाळपर्यंत कानवाल्यांच्या ध्यानात आलं. बटण एकावरच होतं. ते मन लावून ऐकत, आणि शेवटचं कडवं आलं की घाईने पुढचं गाणं लावत.

“एक तरी पुरतं ऐका हो,” बायको म्हणाली.

त्यांनी मान डोलावली आणि पुढचं लावलं.