उजवं पान

मुलीने नागपूरहून कवितांचं पुस्तक पाठवलं आणि ते उघडताच मी वैतागले. डाव्या पानावर एक प्रश्न, उजवं पान कोरं. पुढे पुन्हा तेच. ना शीर्षक, ना पानांचे आकडे. माझी सगळी नोकरी पंचायत समितीत गेली. कोरी जागा दिसली की अर्ज परत, हे अंगात भिनलेलं. कागदाची नासाडी आहे नुसती, म्हणत मी ते बाजूला टाकलं.

तेव्हा माझी मोठी बहीण आमच्याकडे फुलचूरला राहायला आली होती. तिला आम्ही सगळे बाई म्हणतो. तिच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला अजून महिना होता. सालेकशाकडे तिच्या गावात रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बाईचा गाण्याचा आवाज भाताच्या चार बांध्या ओलांडून जायचा. आता तो बसला होता, खरखरत होता, पण होता तिचाच.

एका संध्याकाळी, पुस्तक किती खुळचट आहे हे नवऱ्याला दाखवावं म्हणून मी मोठ्याने वाचलं, "घरातून शेवटी कोण निघालं?"

लसूण सोलत बसलेल्या बाईने मान वर न करता, चालीत उत्तर दिलं, "मीच निघाली वो शेवटी, अन् किल्ली राहिली घरातच!"

मी बघतच राहिले. तिला मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. रोवणीत असंच चालतं. चिखलात वाकलेल्या बायांपैकी एक गाण्याची ओळ टाकते, दुसरी उचलते. कोणीच उचलली नाही तर टाकणारीचा अपमान.

"तो पुस्तकवाला बिचारा विचारून राहिला न वो," बाई म्हणाली. "अन् तू नुसतं पान उलटवून राहिली?"

मग रोजचंच झालं. मी डावं पान वाचायची, बाई उजवं भरायची. आज दिलेलं उत्तर उद्या देत नसे. एकाच प्रश्नावर एकदा माझी टिंगल, एकदा तिच्या गेलेल्या नवऱ्याची आठवण. मी उभ्या आयुष्यात कविता वाचून हसले नव्हते की रडले नव्हते. त्या महिन्यात दोन्ही केलं. भाजी करपायची, आमचं लक्ष नसायचं.

एकदा मी गुपचूप मोबाइल लावून ठेवला. तिने तो पालथा घातला. "त्या डबीत मले काऊन भरून राहिली? मी आहो न अजून."

ऑपरेशनसाठी नागपूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रश्न आला, "हाक कोणाला मारशील?" बाई उठून अंगणात गेली आणि शेतातल्यासारखी लांब हाक दिली. फाटकी, नाव नसलेली. शेजारीण धावत बाहेर आली. "क्या हुआ दीदी?" बाई म्हणाली, "काही नाही वो. पाहून राहिली कुठवर जाते ते."

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यात नळी, वर पातळ फडकं. घरी आल्यावर बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. लिहायला पाटी दिली, तीही तिने सरकवून दिली. पुस्तक काढायची माझी हिंमत होत नव्हती. घरात तिचा आवाज नाही, हे मला जेवताना, झोपताना, सारखं टोचायचं.

एका संध्याकाळी तिनेच पुस्तक ओढलं. "भात कोणी करपवला?" या ओळीवर बोट ठेवलं आणि मला कोपराने ढोसलं. उचल, म्हणून.

मी शिकून नोकरीला लागलेली. बांधीत कधी वाकले नाही, कधी गायले नाही. तरी भसाड्या आवाजात सुरू केलं, "मीच करपवला वो बाई, अन् जावईबापू तोच मागून राहिले!"

बाई हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट धरून, खांदे गदगदा हलवत हसली. नळीतून फक्त हवा ये-जा करत होती, आवाज काहीच नाही. किती दिवसांनी ती हसत होती!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून नवऱ्याने हळूच विचारलं, "बाई झोपल्या का?"

बाईने ते ऐकलं. तिचं हसणं थांबलं. ती दाराकडे पाहत राहिली. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, तर हुंदकाच फुटला. तो ऐकून नवरा धावत आला.